नियम सरकारचा, निवाडा लवादाचा

१ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्प मांडला आणि सगळी चर्चा बारा लाखांपर्यंतच्या करसवलतीभोवती फिरत राहिली. त्याच भाषणात आणखी एक घोषणा होती. परदेशी गुंतवणूक वाढावी यासाठी भारताच्या द्विपक्षीय गुंतवणूक कराराचा नमुना मसुदा नव्याने घडवून तो गुंतवणूकदारांना अधिक अनुकूल केला जाईल, असे त्यांनी सांगितले. या घोषणेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नदी, जंगल, खाण आणि किनारा यांच्याशी ज्यांचे जगणे बांधलेले आहे त्यांच्या दृष्टीने मात्र ती करसवलतीइतकीच मोठी आहे. उद्या एखाद्या सरकारने पर्यावरणासाठी एखादा प्रकल्प थांबवला, तर त्याची किंमत कोणी, कोणाला आणि किती मोजायची, हे या मसुद्यातल्या कलमांवर ठरणार आहे.

गेल्या तीस वर्षांत जगभर हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. कॅनडाने पेट्रोलमधले एक रसायन रोखले, मेक्सिकोतल्या एका नगरपालिकेने विषारी कचऱ्याला नकार दिला, इटलीने किनाऱ्याजवळचे तेल-उत्खनन बंद केले. प्रत्येक वेळी परदेशी कंपनीने सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचले. या सगळ्या दाव्यांमधून काय निष्पन्न झाले आणि आपण त्यातून काय घ्यायचे, याचा हा आढावा.

यंत्रणा कशी चालते?

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. जागतिक व्यापार संघटनेतले तंटे सरकार विरुद्ध सरकार असे असतात. अमेरिकेने भारताच्या सौर योजनेतील देशी मालाच्या अटीला तिथे आव्हान दिले आणि २०१६ मध्ये भारत हरला. तिथे हरलेल्या देशाला पुढचे धोरण बदलावे लागते; झालेल्या नुकसानीची भरपाई कोणा कंपनीला द्यावी लागत नाही. गुंतवणूक करारांचे तसे नाही. तिथे कंपनी स्वतः फिर्यादी असते, सरकार प्रतिवादी असते आणि मागणी रोख रकमेची असते.

असा पहिला द्विपक्षीय करार १९५९ मध्ये जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात झाला. जागतिक बँकेच्या छत्राखाली अशा तंट्यांसाठी वॉशिंग्टनला केंद्र स्थापन करणारा करार १९६५ चा. वसाहती नुकत्याच स्वतंत्र झाल्या होत्या. नवी सरकारे आपल्या तेलविहिरी, खाणी आणि मळे ताब्यात घेतील, ही पाश्चात्त्य कंपन्यांची भीती होती आणि त्या भीतीतून हे करार जन्मले. मालमत्ता हिसकावून घेतल्यास भरपाई द्यावी, हे त्यातले मूळ तत्त्व. पुढे त्याला दोन शेपट्या जोडल्या गेल्या. प्रत्यक्ष ताबा न घेता नियम करून मालमत्तेची किंमत संपवली, तर तेही ‘अप्रत्यक्ष संपादन’ मानायचे, ही पहिली. सरकारने गुंतवणूकदाराला ‘न्याय्य आणि समान वागणूक’ दिलीच पाहिजे, ही दुसरी. पर्यावरणाचे जवळजवळ सगळे दावे या दोन कलमांवर उभे आहेत.

निवाडा करतात तीन लवाद. एक कंपनी नेमते, एक सरकार नेमते आणि तिसरा अध्यक्ष बहुधा दोघांच्या संमतीने ठरतो. हे पूर्णवेळ न्यायाधीश नसतात. यांपैकी अनेकजण एका खटल्यात लवाद म्हणून बसतात आणि दुसऱ्या खटल्यात वकील म्हणून उभे राहतात. निकालावर खरे अपील नाही. फार तर काही मोजक्या कारणांवरून तो रद्द करून घेता येतो. या व्यवस्थेत दावा करण्याचा हक्क फक्त परदेशी गुंतवणूकदाराला आहे. देशी कंपनीला तो नाही आणि ज्या गावाच्या पाण्यासाठी नियम केला त्या गावालाही नाही. गावकऱ्यांना जास्तीत जास्त आपले म्हणणे लेखी मांडण्याची परवानगी मागता येते आणि ती द्यायची की नाही हे लवाद मंडळ ठरवते.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेकडे अशा १,३०० हून अधिक दाव्यांची नोंद आहे. निकाली निघालेल्या दाव्यांत सरकारांनी सर्वाधिक, म्हणजे साधारण पाचांतले दोन जिंकले. गुंतवणूकदारांनी चारांत एकाहून थोडे जास्त जिंकले, बरेचसे तडजोडीत मिटले. एवढ्यावरून व्यवस्था समतोल आहे असे कोणी म्हणेल. पण यात सरकार जिंकते म्हणजे त्याला काही मिळत नाही, फक्त द्यावे लागत नाही. वकील आणि लवादांवरचा खर्च सहज काही दशलक्ष डॉलरच्या घरात जातो आणि जिंकूनही तो पूर्ण वसूल होईलच असे नाही.

नाफ्टाने उघडलेले दार

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. त्याचे अकरावे प्रकरण गुंतवणुकीचे. मेक्सिकोतली सरकारी मनमानी रोखण्यासाठी ते घातले आहे, असा समज होता. पर्यावरणाच्या नियमावरून पहिला मोठा फटका मात्र कॅनडाला बसला.

अमेरिकेतील एथिल ही कंपनी एमएमटी नावाचे मँगनीजयुक्त रसायन बनवत होती. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. १९९७ मध्ये कॅनडाने कायदा करून त्याची आयात आणि प्रांतांमधला व्यापार बंद केला. एथिलने २५१ दशलक्ष डॉलरचा दावा लावला. पुढच्याच वर्षी कॅनडाने बंदी उठवली, कंपनीला सुमारे १३ दशलक्ष डॉलर दिले आणि या रसायनाच्या अपायाचा पुरावा नसल्याचे निवेदनही काढले. कॅनडाची बाजू लंगडी होती हे मान्य करायला हवे. रसायनाला विषारी ठरवून थेट बंदी घालण्याइतका पुरावा आरोग्य खात्याकडे नव्हता, म्हणून सरकारने व्यापारबंदीची आडवाट धरली होती आणि देशांतर्गत व्यापाराच्या तंट्यातही ते हरले होते. तरीही जगाला धडा मिळालाच. अपाय पूर्ण सिद्ध होईपर्यंत थांबायचे नाही, संशय बळकट असेल तर आधी आवर घालायचा, या सावधगिरीच्या तत्त्वाची किंमत आता डॉलरमध्ये मोजली जाऊ शकते, हा तो धडा.

दुसरे प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. मेक्सिकोच्या सान लुइस पोतोसी राज्यात ग्वादालकासार नावाची कोरड्या मुलखातली नगरपालिका आहे. तिथल्या ला पेद्रेरा या जागी एका कंपनीने सुमारे २०,००० टन घातक कचरा आधीच आणून टाकला होता. १९९३ मध्ये अमेरिकेच्या मेटलक्लॅडने ती कंपनी विकत घेतली आणि तिथेच मोठे कचरा-साठवण केंद्र उभारायचे ठरवले. केंद्र सरकारच्या परवानग्या तिच्या हातात होत्या. नगरपालिकेच्या बांधकाम परवान्याची चिंता करू नका, असे केंद्राच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, असे कंपनीचे म्हणणे होते आणि लवाद मंडळाने ते मानले. काम सुरू झाले. नगरपालिकेने परवाना नाही म्हणून ते थांबवायला सांगितले. कंपनीने अर्ज केला आणि काम चालूच ठेवले. मार्च १९९५ मध्ये उद्घाटनाच्या दिवशी निदर्शकांनी रस्ता अडवला. डिसेंबरमध्ये नगरपालिकेने परवाना नाकारला, तोही कंपनीला बैठकीची सूचना न देता. १९९७ मध्ये मावळत्या राज्यपालांनी पद सोडण्याच्या तीन दिवस आधी तो परिसर दुर्मीळ निवडुंगांसाठी राखीव घोषित केला.

ऑगस्ट २००० मध्ये लवाद मंडळाने मेक्सिकोला १६.६८५ दशलक्ष डॉलर द्यायला सांगितले. घातक कचऱ्याचा विषय केंद्राच्या अखत्यारीत येतो, नगरपालिकेने फक्त बांधकामाच्या तांत्रिक बाबी पाहायच्या, पर्यावरणाच्या कारणावरून नकार द्यायचा तिला अधिकारच नाही, असे मंडळ म्हणाले. म्हणजे मेक्सिकोच्या राज्यघटनेत केंद्र आणि स्थानिक संस्था यांच्यात अधिकार कसे वाटले आहेत, याचा अर्थ तीन लवादांनी लावला. राखीव क्षेत्राचा हुकूम कोणत्या हेतूने काढला हे तपासण्याची गरज नाही, असेही त्यांनी म्हटले. व्हँकुव्हरच्या न्यायालयाने २००१ मध्ये या निकालाचा काही भाग रद्द केला, तरी मोठी रक्कम कायम राहिली. कंपनीला दिलेल्या आश्वासनांचे काय, हा प्रश्न रास्तच होता. पण ज्यांच्या शिवारात तो कचरा पडायचा होता त्यांना ‘नाही’ म्हणायचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न त्याहून मोठा होता आणि लवादाच्या टेबलावर त्याला जागाच मिळाली नाही.

सरकारे जिंकतात तेव्हा

याच नाफ्टा कराराखाली उलट निकालही लागले. कॅलिफोर्नियात पेट्रोलमधले एमटीबीई हे रसायन जमिनीत झिरपून विहिरींचे पाणी नासवत होते. सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये आपल्या बऱ्याच विहिरी बंद कराव्या लागल्या. १९९९ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीई हद्दपार करण्याचा आदेश काढला. एमटीबीईसाठी लागणारे मिथेनॉल बनवणाऱ्या कॅनडाच्या मेथानेक्सने सुमारे ९७० दशलक्ष डॉलर मागितले. ऑगस्ट २००५ मध्ये दावा फेटाळला गेला आणि कंपनीलाच सुमारे ४ दशलक्ष डॉलर खर्च भरावा लागला. सार्वजनिक हितासाठी, भेदभाव न करता, रीतसर प्रक्रियेने केलेला नियम हे संपादन नव्हे. अपवाद फक्त सरकारने कंपनीला आधी विशिष्ट शब्द दिला असेल तर, हे या निकालातले सूत्र आजही सरकारांचे वकील पुढे करतात.

अडचण अशी, की या व्यवस्थेत आधीचा निकाल पुढच्या मंडळावर बंधनकारक नसतो. नोव्हा स्कॉशियातल्या डिग्बी नेक या मच्छीमार वस्तीच्या पट्ट्यात बिल्कॉन या अमेरिकी कंपनीला बेसाल्टची खाण हवी होती. कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने जनसुनावणी घेतली आणि तिथल्या समाजाच्या मूल्यांना हा प्रकल्प बाधक आहे, असे म्हणत २००७ मध्ये नकाराची शिफारस केली. २०१५ मध्ये लवाद मंडळाने बहुमताने कॅनडाला दोषी ठरवले, कारण समितीने लावलेली कसोटी कायद्यात नव्हती असे त्याचे मत पडले. देशी कायद्याचा असा भंग झाला की नाही हे देशी न्यायालयाने पाहायचे, असे सांगत डोनाल्ड मॅक्रे यांनी भिन्नमत नोंदवले आणि अशा निकालांनी पर्यावरण समित्यांवर दडपण येईल असा इशारा दिला. चारशे दशलक्षांहून अधिक डॉलरच्या मागणीपुढे अखेर ७ दशलक्ष मिळाले. रक्कम लहान असली तरी प्रत्येक जनसुनावणीच्या डोक्यावर टांगती तलवार आली.

एल साल्वादोरची लढाई यात वेगळी उठून दिसते. या छोट्या देशाचे बरेचसे पाणी लेम्पा या एका नदीखोऱ्यातून येते. काबान्यास भागात सोन्याची खाण मागणाऱ्या पॅसिफिक रिम या कॅनडाच्या कंपनीला परवाना मिळाला नाही, म्हणून तिने २००९ मध्ये दावा लावला. अमेरिका आणि मध्य अमेरिकी देश यांच्यातल्या व्यापार कराराचा आधार मिळावा म्हणून तिने आपली उपकंपनी केमन बेटांवरून अमेरिकेत हलवली होती. ते मंडळाने मानले नाही. पण एल साल्वादोरच्याच जुन्या गुंतवणूक कायद्याखाली खटला चालू राहिला. ऑक्टोबर २०१६ मध्ये देश जिंकला आणि ८ दशलक्ष डॉलर खर्चापोटी मिळाले. स्वतःचा खर्च त्याहून जास्त झाला होता. मार्च २०१७ मध्ये धातूंच्या खाणकामावर संपूर्ण बंदी घालणारा तो जगातला पहिला देश ठरला. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्याच संसदेने ती बंदी उठवली. लवादात जिंकलेली लढाई देशात हरता येते, हेही या आढाव्यात नोंदवले पाहिजे.

धाकाचे राजकारण

निकालांच्या यादीत दिसत नाही तो परिणाम सर्वांत खोल आहे. दाव्याची नोटीस आली, किंवा येईल अशी कुजबूज झाली, तरी सरकारे हात आखडता घेतात.

इंडोनेशियाने १९९९ च्या वनकायद्यात संरक्षित जंगलातील खुल्या खाणींवर बंदी घातली. परदेशी खाण कंपन्यांनी लवादाची भाषा सुरू केली आणि २००४ मध्ये तेरा कंपन्यांना सूट मिळाली. फ्रान्समध्ये २०१७ साली पर्यावरणमंत्री निकोला ह्युलो यांनी तेल आणि वायूचे परवाने संपवणारा कायदा आणला. मसुद्यावर कॅनडाच्या व्हर्मिलियन कंपनीने ऊर्जेतील गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या ऊर्जा सनद कराराचा हवाला देत आक्षेप घेतला. अंतिम कायद्यात २०४० पर्यंत नूतनीकरणाची वाट राहिली.

जर्मनीसारखा सधन देशही यातून सुटला नाही. हॅम्बुर्गमधल्या मूरबुर्गला स्वीडनच्या वॅटनफॉल या सरकारी मालकीच्या कंपनीचा कोळशावरचा वीज प्रकल्प होता. एल्बे नदीचे पाणी किती वापरायचे आणि किती तापवून परत सोडायचे, यावर शहराने कडक अटी घातल्या. २००९ मध्ये कंपनीने १.४ अब्ज युरोंचा दावा लावला. तडजोड झाली, अटी सैल झाल्या. पुढे २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की याच प्रकल्पाला परवानगी देताना जर्मनीने माशांच्या अधिवासाचे पुरेसे मूल्यमापन न करून युरोपीय कायदा मोडला. नियम कडक केले तर लवाद, सैल केले तर न्यायालय, अशा कात्रीत सरकार सापडले.

सांतुर्बानची रेषा

या साऱ्या प्रकरणांत भारताने सर्वांत बारकाईने वाचावे असे एक कोलंबियाचे आहे. अँडीज पर्वतात वृक्षरेषेच्या वर ‘पारामो’ नावाची दमट, गवताळ उंच भूमी आहे. तिथली लवदार पानांची फ्रायलेहोन झाडे धुके टिपतात, स्पंजासारखी माती पाणी धरून ठेवते आणि तिथून नद्या निघतात. सांतुर्बान हा असाच एक पारामो. बुकारामांगा शहराचे पाणी तिथून येते आणि त्याच्या पोटात सोने आहे.

कॅनडाच्या इको ओरो कंपनीकडे २००७ पासून तिथला खाणपट्टा होता. २०१० मध्ये कोलंबियाने पारामोंत खाणकामाला कायद्याने बंदी केली. पुढच्या वर्षी बुकारामांगात लोक रस्त्यावर उतरले आणि खुल्या खाणीचा प्रस्ताव बारगळला. कंपनीने मग भुयारी खाणीचा घाट घातला. पारामोची हद्द नेमकी कुठे, हे मात्र सरकारने ठरवलेच नाही. २०१४ च्या अखेरीस रेषा आखली, तीही जुन्या परवानाधारकांना सवलत देऊन. २०१६ मध्ये घटना न्यायालयाने ती सवलत रद्द केली. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने, लोकांना विचारले नाही म्हणून सांतुर्बानची रेषा नव्याने आखायला सांगितली. दरम्यान पट्ट्याचा निम्म्याहून अधिक भाग कंपनीच्या हातून गेला होता आणि तिने सुमारे ७०० दशलक्ष डॉलरची मागणी घेऊन लवाद गाठला होता. खटल्याचा खर्च एका अमेरिकी वित्तसंस्थेने उचलला. दुसऱ्याच्या दाव्यात पैसा लावून भरपाईत वाटा घेण्याचा हा आता रीतसर धंदा झाला आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाने बहुमताने सांगितले, की हे संपादन नव्हे, पर्यावरण रक्षणाचा हा वैध अधिकार आहे. पण सरकारने इतकी वर्षे जी धरसोड केली ती गुंतवणूकदारावर अन्याय करणारी आहे. कॅनडा-कोलंबिया करारात पर्यावरणाचा स्पष्ट अपवाद लिहिलेला होता. त्यावर मंडळाचे म्हणणे असे, की या अपवादामुळे सरकारला नियम करता येतो, भरपाई मात्र चुकत नाही. खुद्द कॅनडाने, म्हणजे कंपनीच्या मायदेशाने, अपवादाचा अर्थ असा नाही असे मंडळाला कळवले होते. तेही मानले नाही. फिलिप सँड्स यांनी अंशतः भिन्नमत नोंदवले. २०२४ मध्ये अखेर नुकसान सिद्ध न झाल्याने कंपनीला काहीच भरपाई मिळाली नाही. कोलंबिया वाचला, पण अपवादाच्या कलमाचा लागलेला अर्थ तसाच राहिला.

यातून दोन गोष्टी निघतात. करारात ‘पर्यावरण’ हा शब्द असणे पुरेसे नाही. त्या अपवादाने भरपाईचीही जबाबदारी संपते, असे स्वच्छ लिहावे लागते. आणि पर्यावरणाची रेषा आखायला सरकार जितका उशीर करते, तितका दावेदाराचा हात बळकट होतो.

युरोपची माघार

युरोपने हा धडा उशिरा आणि महागात घेतला. १९९४ चा ऊर्जा सनद करार सोव्हिएत विघटनानंतर पूर्वेकडच्या तेल-वायूतील पाश्चात्त्य पैशाला संरक्षण देण्यासाठी झाला होता. तो युरोपवरच उलटला. अणुवीज बंद केल्यावरून वॅटनफॉलने जर्मनीवर दुसरा दावा लावला. २०२१ मध्ये जर्मनीने चार वीज कंपन्यांना मिळून सुमारे २.४ अब्ज युरो देऊन प्रकरण मिटवले. कोळसा २०३० पर्यंत बंद करण्याचा कायदा केल्यावर नेदरलँड्सवर आरडब्ल्यूईने १.४ अब्ज युरोंचा दावा लावला, तो पुढे मागे घेतला. इटलीने किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांत उत्खनन बंद केले, तर ब्रिटनच्या रॉकहॉपरला २०२२ मध्ये १९० दशलक्ष युरो मंजूर झाले. तोपर्यंत इटली करारातून बाहेर पडून सहा वर्षे उलटली होती. पण बाहेर पडल्यावरही जुन्या गुंतवणुकीला वीस वर्षे संरक्षण, असे कलम होते. २०२५ मध्ये तो निकाल रद्द झाला. वीस वर्षांचे कलम मात्र कायम आहे.

जून २०२५ अखेर युरोपीय संघ या करारातून बाहेर पडला. अमेरिका आणि कॅनडा यांनी नाफ्टाच्या जागी आलेल्या २०२० च्या नव्या करारात आपापसांतली ही व्यवस्था मोडीत काढली. ही व्यवस्था ज्यांनी घडवली, तेच देश आता ती आपल्या दारातून बाहेर काढत आहेत.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

या व्यवस्थेच्या समर्थकांचा युक्तिवाद हलका नाही. सरकारे मनमानी करतात, अधिकारी शब्द फिरवतात, पर्यावरणाच्या नावाखाली देशी स्पर्धकाला पुढे काढले जाते. १९९५ मध्ये कॅनडाने पीसीबी या विषारी कचऱ्याची निर्यात रोखली, तेव्हा देशी कंपन्यांना धंदा मिळावा हाही हेतू होता असे मंडळाला आढळले आणि एस. डी. मायर्स या अमेरिकी कंपनीला भरपाई मिळाली. शिवाय हरित गुंतवणूकदारांनाही हे करार उपयोगी पडतात. स्पेनने सौर आणि पवन ऊर्जेची अनुदाने कापल्यावर त्याच्यावर पन्नासहून अधिक दावे झाले.

हे खरे आहे. पण मनमानीला औषध म्हणून देशी न्यायालये आहेत, सरकार-सरकार तंट्याची व्यवस्था आहे, राजकीय जोखमीचा विमा आहे. स्पेनच्या उदाहरणातून हरित धोरण स्थिर असावे एवढे सिद्ध होते. दाव्यांचा एकूण हिशेब मात्र खनिज इंधनाच्या बाजूने झुकतो. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क व पर्यावरणविषयक तत्कालीन विशेष प्रतिवेदक डेव्हिड बॉइड यांनी २०२३ च्या अहवालात खनिज इंधन आणि खाण कंपन्यांना अशा निवाड्यांतून १०० अब्ज डॉलरहून अधिक मिळाल्याचे मांडले. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२२ मध्ये काइला टीनहारा आणि सहकाऱ्यांनी लिहिले, की देशांनी तेल-वायूचे प्रकल्प हवामानासाठी थांबवले तर दावे ३४० अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतात. हा पैसा गरीब देशांच्या शाळा-दवाखान्यांतून आणि पूर-दुष्काळाच्या निधीतून जाणार आहे.

भारताची वाट

भारताला चटका बसला तो व्हाइट इंडस्ट्रीज प्रकरणात. कोल इंडियाविरुद्धचा जुना लवाद-निवाडा भारतीय न्यायालयांत नऊ वर्षे रखडला म्हणून २०११ मध्ये या ऑस्ट्रेलियन कंपनीला सुमारे ४ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर द्यावे लागले. मग दूरसंचार आणि करांवरून दाव्यांची रांग लागली. भारताने २०१५ च्या अखेरीस नवा नमुना करार केला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत पन्नासहून अधिक देशांना जुने करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या.

त्या नमुन्यात पर्यावरणाच्या दृष्टीने मोलाच्या गोष्टी आहेत. ‘न्याय्य आणि समान वागणूक’ हे सैल कलम काढून टाकले. सार्वजनिक आरोग्य किंवा पर्यावरण यांसाठी भेदभाव न करता केलेला नियम अथवा न्यायालयाचा आदेश हे संपादन नव्हे, असे लिहिले. लवादाकडे जाण्याआधी पाच वर्षे देशी न्यायालयांत प्रयत्न करण्याची अट घातली. आणि स्थानिक संस्थांचे निर्णय, म्हणजे महापालिका आणि ग्रामपंचायती यांचे निर्णय, कराराच्या कक्षेबाहेर ठेवले. ग्वादालकासारच्या नगरपालिकेला हे संरक्षण नव्हते. या नमुन्यात ते आपल्या ग्रामपंचायतीला आहे.

आता हीच भिंत खचू लागली आहे. २०२४ मध्ये लागू झालेल्या संयुक्त अरब अमिरातीसोबतच्या करारात पाच वर्षांची अट तीनवर आली. नमुना आणखी सैल करण्याची घोषणा झाली आहे. दुसरीकडे, १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघ) देशांबरोबरच्या करारात गुंतवणूक वाढवण्याचे प्रकरण आहे, पण कंपनीने सरकारवर दावा करण्याची तरतूद नाही. म्हणजे ही तरतूद नसली तर परदेशी पैसा येणारच नाही, हे आपल्याच सरकारने खोटे ठरवले आहे.

कोकण, सह्याद्री, गोवा

महाराष्ट्राला ही व्यवस्था नवी नाही. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पात वीजदरावरून राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये वीज घेणे थांबवले, प्रकल्पाची मुख्य प्रवर्तक एन्रॉन बुडाली आणि तिच्या भागीदार बेक्टेल व जनरल इलेक्ट्रिक यांनी आपल्या मॉरिशसमधल्या कंपन्यांच्या नावे भारतावर गुंतवणूक कराराखाली दावा लावला. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या युरोपीय बँकाही मागोमाग आल्या. २००५ मध्ये तडजोड झाली. तो तंटा दराचा आणि कराराचा होता. पण त्याच प्रकल्पाविरुद्ध गुहागरच्या शेतकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी पाणी, मासेमारी आणि जमीन यांसाठी आंदोलन केले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर अहवाल लिहिला. कंपन्यांचे नुकसान मोजायला आंतरराष्ट्रीय मंच होता. या माणसांचे मोजायला नव्हता.

आजचा धोका सह्याद्रीत आहे. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राची पहिली मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली आणि जुलै २०२४ मध्ये सहावा मसुदा आला. सहा राज्यांतले सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे, महाराष्ट्राचे १७,३४० च्या आसपास. दहा वर्षांत सहा मसुदे ही सांतुर्बानसारखीच धरसोड आहे. आज यामुळे जंगल कापले जाते. उद्या करार सैल झाले, तर याच धरसोडीवर कोणी दावा उभा करील. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केले. आंतरराष्ट्रीय कायद्यात न्यायालयाचा निर्णयही सरकारचीच कृती धरला जातो. म्हणून न्यायालयीन आदेशांना संरक्षण देणारे नमुना करारातले वाक्य गोव्यासाठी फार महत्त्वाचे आहे.

आपल्या घटनाव्यवस्थेत आंतरराष्ट्रीय करार केंद्र सरकार करते. त्याला संसदेची पूर्वसंमती लागत नाही आणि राज्यांना विचारण्याचेही बंधन नाही. जमीन, पाणी आणि परवाने मात्र बऱ्याच अंशी राज्यांच्या हातात असतात. निर्णय मुंबईत किंवा पणजीत घ्यायचा, दावा दिल्लीवर व्हायचा आणि त्याचा दबाव पुन्हा मुंबई-पणजीवर यायचा, असे हे वर्तुळ आहे.

या साऱ्याचा निष्कर्ष स्पष्ट मांडायला हवा. पर्यावरणाचा नियम करणाऱ्या सरकारला त्यासाठी दंड भरायला लावणारी ही व्यवस्था लोकशाहीशी सुसंगत नाही आणि भारताने ती आपल्या करारांत पुन्हा रुंद करू नये. स्थानिक संस्था आणि न्यायालयीन आदेश यांना दिलेले संरक्षण काढू नये, देशी न्यायालयांची पाच वर्षांची अट आणखी घटवू नये. पर्यावरणाच्या अपवादाने भरपाईचीही जबाबदारी उरत नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. प्रत्येक करार सहीपूर्वी संसदेपुढे आणि संबंधित राज्यांपुढे ठेवावा. आणि पश्चिम घाटाची रेषा, लोकांना विचारून, आता एकदाची पक्की करावी.

नवा नमुना मसुदा बंद दाराआड ठरण्याआधी आपल्या खासदाराला आणि आमदाराला एवढे तरी विचारा: त्यातली पर्यावरणाची कलमे तुम्ही वाचली आहेत का, आणि ती सैल होत असतील तर तुम्ही काय करणार आहात?